दिवस गेले म्हणून मानसिक आजाराची औषधे बंद करावीत का?

प्रश्न परभणी जिल्ह्यातील एका २७ वर्षांच्या विवाहितेचा आहे. त्यांना सहा वर्षांपासून बायपोलर, म्हणजे कधी उन्माद तर कधी उदासीनता येणारा द्विध्रुवी विकार आहे. उन्मादामुळे दोनदा रुग्णालयात भरती व्हावे लागले. त्यातील दुसरी वेळ लग्नाआधी गोळ्या सोडल्यामुळे आली आणि त्यापाठोपाठच्या उदासीनतेत त्या जीव द्यायला निघाल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी लिथियम हे मूड स्थिर ठेवणारे औषध हळूहळू बंद करून फक्त क्वेटियापिन या दुसऱ्या गोळीवर ठेवून पाहिले, तेव्हा तीन महिन्यांत आजार उलटला. आता लिथियम ८०० मिलिग्रॅम आणि क्वेटियापिन १०० मिलिग्रॅम यांवर दीड वर्ष प्रकृती उत्तम आहे. पाळी चुकली, तपासणीत सात आठवडे निघाले, तालुक्याच्या ठिकाणी एका डॉक्टरांनी ‘गरोदरपणात डोक्याची कुठलीच गोळी चालत नाही’ असे सांगितले आणि त्यांनी पाच दिवसांपूर्वी सगळ्या गोळ्या एकदम थांबवल्या. बंद केल्या ते बरोबर केले का, आधी घेतलेल्या गोळ्यांनी बाळाला अपाय झाला असेल का, आणि आजाराबद्दल काहीच ठाऊक नसलेल्या सासूबाईंना सांगावे का, असे त्या विचारतात.

ताई, पत्राच्या अगदी शेवटी तुम्ही ओझरते लिहिले आहे की गेल्या दोन रात्री झोप तीन तासांवर आली आहे, पण थकवा मात्र वाटत नाही. माझ्या दृष्टीने तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य हेच आहे. गर्भारपणात झोप बिघडतेच, परंतु साधी झोप बिघडलेली बाई दुसऱ्या दिवशी दमलेली असते. कमी झोपूनही तरतरी वाटणे हा बायपोलर असलेल्या व्यक्तीत उन्माद जवळ येत असल्याचा पहिला इशारा असू शकतो. म्हणून बाकीचे उत्तर सावकाश वाचा, पण त्याआधी आजच तुमच्या नेहमीच्या मनोविकारतज्ज्ञांना फोन करा, गोळ्या कधीपासून बंद आहेत आणि झोप किती होते हे दोन्ही सांगा, आणि आज रात्री क्वेटियापिन पुन्हा सुरू करायची का हे त्यांच्याकडून ठरवून घ्या. त्यांचा फोन लागला नाही तर १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या क्रमांकावर चोवीस तास मराठीत बोलता येते. लिथियमचा निर्णय या एक-दोन दिवसांतल्या भेटीत समोरासमोर बसून व्हायला हवा.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येते. गोळ्या एकदम बंद करणे ही चूक होती, पण ती तुमची नव्हे. दिवस गेलेल्या बाईला कोणी ‘बाळाला धोका आहे’ म्हटले की ती हातातली गोळी खाली ठेवणारच. माझे मत असे आहे की आपल्याकडे हा प्रश्नच मुळात चुकीचा मांडला जातो. एका पारड्यात औषध आणि दुसऱ्यात काहीच नाही, अशी तुलना केली तर काहीच नसलेले पारडे नेहमी निर्धोक दिसते. खऱ्या आयुष्यात त्या दुसऱ्या पारड्यात आजार बसलेला असतो, आणि आजारही वारेच्या पलीकडे पोहोचतो. उन्मादात बाई जेवत नाही, झोपत नाही, घराबाहेर पडते, पडझड होते, तपासणीच्या तारखा चुकतात. तीव्र उदासीनतेत वजन वाढत नाही, बाळ कमी दिवसांचे किंवा कमी वजनाचे जन्मण्याची शक्यता वाढते, आणि आत्महत्येचा धोका तर तुम्ही स्वतः अनुभवलेला आहे. शिवाय आजार उलटला की तो आटोक्यात आणण्यासाठी अधिक औषधे, अधिक मात्रेत आणि घाईत द्यावी लागतात. म्हणजे ज्या औषधापासून बाळाला वाचवायचे होते, त्याच्या दुप्पट-तिप्पट औषधे बाळापर्यंत जातात आणि आजार वेगळा. हे मी गेल्या तेवीस वर्षांत इतक्या वेळा पाहिले आहे की ‘दिवस आहेत म्हणून बंद केल्या’ हे वाक्य ऐकले की माझा पहिला प्रश्न ‘किती दिवस झाले?’ हाच असतो.

याला अभ्यासाचाही आधार आहे. २००७ साली अमेरिकेतील संशोधकांनी बायपोलर असलेल्या ८९ गर्भवतींची माहिती प्रसिद्ध केली. मूड स्थिर ठेवणारे औषध बंद केलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के स्त्रियांचा आजार गर्भारपणातच उलटला. औषध चालू ठेवणाऱ्यांत हे प्रमाण ३७ टक्के होते. एकदम बंद करणाऱ्यांत तो हळूहळू बंद करणाऱ्यांपेक्षा कितीतरी लवकर उलटला. या स्त्रिया मोठ्या केंद्रात उपचार घेणाऱ्या, म्हणजे मुळात आजार जास्त असलेल्या होत्या, त्यामुळे हे आकडे प्रत्येकीला जसेच्या तसे लावू नयेत; पण दोन भरत्या आणि औषध कमी करताच उलटलेला आजार असा तुमचा इतिहास पाहता तुम्ही त्याच स्त्रियांमध्ये मोडता. केवळ नैराश्याचा आजार असलेल्या स्त्रियांच्या २००६ सालच्या अशाच एका अभ्यासात औषध बंद केलेल्यांपैकी ६८ टक्के आणि चालू ठेवलेल्यांपैकी २६ टक्के स्त्रियांना पुन्हा नैराश्य आले. ज्यांना आयुष्यात एकदाच सौम्य नैराश्य आले होते आणि ज्या वर्षभर पूर्ण बऱ्या आहेत, त्यांच्या बाबतीत मात्र गोळी हळूहळू कमी करून समुपदेशनावर भर देणे हा पूर्णपणे योग्य मार्ग ठरू शकतो. औषध चालू ठेवायचे की नाही हे दिवस गेले आहेत एवढ्यावरून ठरत नाही. आजार किती जोराचा होता, किती वेळा आला आणि औषध थांबवल्यावर मागच्या वेळी काय झाले, यावरून ठरते.

दुसरा प्रश्न बाळाचा. कोणतेही औषध न घेणाऱ्या निरोगी स्त्रियांच्या बाळांतही १०० मागे २ ते ३ बाळांना जन्मतः एखादे मोठे व्यंग असते, हा पाया आधी लक्षात ठेवावा. औषधाने त्यात किती भर पडते हे औषधागणिक वेगळे असते, आणि ‘डोक्याच्या गोळ्या’ असे एकच गाठोडे बांधल्यामुळेच सगळा घोळ होतो.

ज्या औषधाबद्दल मी कुठलीही सवलत देत नाही ते सोडिअम व्हॅल्प्रोएट. फिटसाठी आणि बायपोलरसाठी ते आपल्याकडे सर्रास दिले जाते. गर्भारपणात ते घेतल्यास सुमारे १० टक्के बाळांत मोठे व्यंग आढळते, त्यात पाठीचा मणका उघडा राहण्याचे प्रमाण १ ते २ टक्के. आणि ३० ते ४० टक्के मुलांत पुढे बोलणे, शिकणे, बुद्धीची वाढ यांत अडचणी दिसतात. मूल होण्याच्या वयातील मुलींना आणि स्त्रियांना ते देऊ नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची स्पष्ट भूमिका आहे. हे वाचून कोणी फिटसाठी चालू असलेले व्हॅल्प्रोएट स्वतःहून टाकून देऊ नये, कारण अचानक बंद केल्यास फिट थांबता थांबत नाहीत आणि आई-बाळ दोघांचाही जीव जाऊ शकतो. पण त्याच आठवड्यात डॉक्टरांना गाठावे.

या औषधाच्या संदर्भात बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील एक तरुणी मला नेहमी आठवते. दसरा झाला होता, उचल घेतलेली होती, आठ दिवसांत कोयता घेऊन कारखान्याला निघायचे होते. तिने पदराच्या गाठीतून गोळ्यांची पट्टी काढून टेबलावर ठेवली. पट्टी पिवळीधमक होती आणि फोडलेल्या प्रत्येक खळग्यात हळद भरलेली होती. सासरी कळू नये म्हणून ती गोळ्या हळदीच्या डब्यात, हळदीखाली ठेवत होती. त्या गोळ्या व्हॅल्प्रोएटच्या होत्या. लग्नाला दीड वर्ष झाले होते, मूल हवे होते, आणि ज्यांनी ज्यांनी तिची चिठ्ठी लिहिली त्यांपैकी कोणीही तिला ‘मूल होऊ द्यायचे आहे का?’ हा एक प्रश्न विचारला नव्हता. तिचे औषध बदलायला काही आठवडे लागले आणि त्यासाठी तिच्या मालकाला टोळी एकट्याने पुढे न्यावी लागली. दिवस जाण्याआधी विचारलेला हा प्रश्न नंतरच्या दहा तपासण्यांपेक्षा मोलाचा आहे. मणक्याची नळी गर्भधारणेनंतर २८ व्या दिवसापर्यंत मिटते, म्हणजे पाळी चुकल्याचे कळून बाई दवाखान्यात पोहोचेपर्यंत तो काळ बहुधा सरलेला असतो.

आता लिथियम. त्याच्याबद्दलची भीती मोठी आहे आणि ती जुनी आहे. १९७० च्या दशकात लिथियम घेतलेल्या मातांच्या बाळांची एक नोंदवही ठेवली जात होती. तीत हृदयाचे एबस्टाइन नावाचे एक दुर्मीळ व्यंग फार जास्त आढळले; पण व्यंग असलेले बाळ जन्मले की ते आवर्जून कळवले जाई आणि निरोगी बाळ जन्मले तर कोणी कळवत नसे, त्यामुळे धोका फुगून दिसला. २०१७ साली अमेरिकेतील १३ लाखांहून अधिक गर्भारपणांच्या नोंदींवरून जे चित्र मिळाले ते असे: पहिल्या तिमाहीत लिथियम घेतलेल्या मातांच्या १०० बाळांमागे सुमारे २.४ बाळांत हृदयाचे व्यंग होते, न घेतलेल्यांत १.१५ बाळांत. हा धोका मात्रेनुसार बदलतो. दिवसाला ६०० मिलिग्रॅमपर्यंत वाढ अगदी थोडी दिसली, ९०० च्या पुढे तो सुमारे तिपटीवर गेला. तुमची ८०० ची मात्रा मधल्या पट्ट्यात येते. म्हणजे धोका आहे, तो नाकारता येणार नाही. परंतु हृदयात कोणतेही व्यंग नसण्याची शक्यता शंभरात सत्त्याण्णवच्या वरच राहते. म्हणून केवळ लिथियम घेतले होते एवढ्या कारणावरून ‘मोकळी हो’ असा सल्ला कोणी दिला तर तो मानण्याचे कारण नाही.

क्वेटियापिनबद्दल तुलनेने निश्चिंत राहता येते. मोठ्या अभ्यासांत त्याने जन्मजात व्यंगाचे प्रमाण लक्षणीय वाढल्याचे दिसलेले नाही आणि ते वारेतून बाळाकडे तुलनेने कमी जाते. वजन आणि साखर मात्र वाढू शकते, म्हणून ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी करायची साखरेची तपासणी आत्ता एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा, दोन्ही वेळा चुकवू नका.

तुमच्या जागी माझी रुग्ण असती तर मी काय केले असते, हे स्पष्ट लिहिते. अंतिम निर्णय तुम्हाला प्रत्यक्ष तपासणारे डॉक्टर आणि तुम्ही मिळून घ्यावा. एक मार्ग असा असतो की पहिली तिमाही लिथियमशिवाय, क्वेटियापिनची मात्रा वाढवून काढायची आणि बाराव्या आठवड्यानंतर लिथियम परत सुरू करायचे. ज्यांचा आजार क्वेटियापिनने धरून राहतो त्यांच्यासाठी मी हाच मार्ग निवडते. तुमच्या बाबतीत तो एकदा करून झाला आहे आणि तीन महिन्यांत फसला आहे. त्यात सात आठवडे उलटले आहेत, हृदय घडण्याचा काही काळ मागे पडला आहे, आणि झोप आत्ताच उडू लागली आहे. म्हणून माझा कल लिथियम पुन्हा सुरू करण्याकडे आहे; परंतु जमल्यास ६०० मिलिग्रॅमच्या आसपास, रक्तातील पातळी साधारण ०.६ राहील इतक्या कमीत कमी मात्रेत, आणि जोडीला क्वेटियापिन पुरेशा मात्रेत. सुरू करण्यापूर्वी मूत्रपिंडांचे काम दाखवणारे क्रिएटिनिन आणि थायरॉइड तपासून घ्यावे.

लिथियम घ्यायचे तर ते मोजून घ्यायचे, ही अट मात्र कडक आहे. गर्भारपणात मूत्रपिंडे जास्त काम करतात, त्यामुळे तीच गोळी घेऊनही रक्तातील पातळी दुसऱ्या तिमाहीपर्यंत सुमारे एक तृतीयांशाने घसरते, आणि बाळंत झाल्यावर ती काही दिवसांत पुन्हा वर जाते. म्हणून ३४ आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी आणि त्यानंतर दर आठवड्याला पातळी पाहावी लागते. रक्त शेवटच्या गोळीनंतर बरोबर १२ तासांनी द्यायचे असते. रात्री नऊला गोळी घेतली तर सकाळी नऊला रक्त द्यावे आणि सकाळची गोळी असेल तर ती रक्त दिल्यावर घ्यावी. तालुक्याच्या लॅबमधून नमुना बहुधा बाहेर पाठवला जातो, तेव्हा अहवाल कधी येणार हे आधीच विचारून ठेवा. उलट्या, जुलाब किंवा आपल्याकडचे एप्रिल-मेचे ऊन यांनी अंगातले पाणी कमी झाले की पातळी एकाएकी चढते. पाणी भरपूर प्या, जेवणातले मीठ स्वतःहून तोडू नका. हात जोरात थरथरणे, जीभ जड होणे, चालताना झोक जाणे, जुलाब-उलट्या यांपैकी काही दिसले तर पुढची गोळी न घेता तातडीने दवाखान्यात जा. आणि एक गोष्ट तुमच्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल अक्षरांत लिहून घ्या: डायक्लोफेनॅक आणि आयबुप्रोफेन ही वेदनाशामके देऊ नयेत. बाळंतपणानंतर किंवा सिझेरियननंतर वेदनेसाठी डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन सवयीने दिले जाते आणि त्याने लिथियमची पातळी वाढते.

फॉलिक अॅसिडची गोळी आजपासून घ्या. ५ मिलिग्रॅमची घ्यायची की नेहमीची, हे तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ ठरवतील. १८ ते २० आठवड्यांची व्यंग पाहणारी सोनोग्राफी आणि त्याच सुमारास बाळाच्या हृदयाचा इको, म्हणजे हृदयाची खास सोनोग्राफी करून घ्या. बाळंतपण खेड्यातल्या छोट्या दवाखान्यात नको. नवजात शिशूंचा अतिदक्षता कक्ष असलेल्या जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात नाव नोंदवा. तुम्हाला नांदेड, अंबाजोगाई किंवा छत्रपती संभाजीनगरची घाटी यांपैकी जे सोयीचे असेल ते आत्ताच ठरवा. कळा सुरू झाल्या की लिथियम थांबवायचे असते आणि बाळंतपणानंतर पातळी पाहून पुन्हा सुरू करायचे असते, हे तिथल्या डॉक्टरांना आधीपासून माहीत हवे.

पहिलटकरीण सातव्या महिन्यानंतर माहेरी जाते, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त घोटाळा याच वळणावर होतो. फाइल सासरी राहते, गोळ्या पंधरा दिवसांच्या असतात, माहेरच्या गावचे डॉक्टर नवीन असतात. ओटीभरणाच्या साड्यांबरोबर तुमची फाइल, महिन्याच्या गोळ्या आणि डॉक्टरांचे पत्र पिशवीत गेलेच पाहिजे.

बाळंतपणानंतरचे पहिले दोन-तीन आठवडे हा तुमच्यासाठी साऱ्या काळातला सर्वांत नाजूक काळ आहे. प्रसूतीनंतरचा तीव्र मनोविकार सर्वसाधारणपणे १,००० बाळंतिणींमागे एक-दोघींना होतो. बायपोलर असलेल्या स्त्रियांत तो साधारण पाचांपैकी एकीला होतो, आणि बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांतच. आपल्याकडे नेमक्या याच दिवसांत पाचवी येते. घर पाहुण्यांनी भरते, दिवा रात्रभर तेवत ठेवतात, बाळंतीण जागीच असते. पाचवी जरूर पुजा, पण दिव्यापाशी तुमची आई किंवा आत्या बसू द्या आणि तुम्ही दार लावून झोपा. एक सलग रात्रीची झोप हे या दिवसांत औषधाइतकेच मोलाचे आहे. बाळ झोपले तरी बाई झोपत नाही, अखंड बोलते, बाळ बदलले असे म्हणते, कानात आवाज येतात असे सांगते, तर ते बाहेरचे नव्हे आणि बाळंतवाताचा काढा देऊन बघण्याचेही नव्हे. त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचे. अशा अवस्थेत आईला किंवा बाळाला अपाय होऊ शकतो, म्हणून त्या वेळी बाळ आईजवळ एकटे ठेवू नये.

स्तनपानाबद्दल थोडक्यात. लिथियम दुधातून बाळाकडे चांगल्या प्रमाणात जाते, म्हणून ते चालू असताना अंगावर पाजू नये असा सल्ला बहुतेक वेळा दिला जातो, आणि उन्हाळ्यात जन्मलेल्या बाळाच्या बाबतीत मी तो ठामपणे देते. त्याऐवजी उकळून गार केलेल्या पाण्यात कालवलेली बाळाची पावडर, वाटी-चमच्याने द्यावी. पाणी घातलेले म्हशीचे दूध नको. रात्रीचे दूध मग घरातले कोणीही पाजू शकते आणि तुमची झोप वाचते. ज्यांना नैराश्यासाठी सर्ट्रालीन चालू आहे त्यांनी मात्र निर्धास्तपणे अंगावर पाजावे, दुधात ते अगदी अल्प उतरते.

राहिला सासूबाईंचा प्रश्न. कायद्याने तुमच्या आजाराची माहिती गुप्त ठेवण्याचा अधिकार तुम्हाला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात तसे स्पष्ट लिहिलेले आहे, तेव्हा सांगायचे की नाही ते तुम्हीच ठरवायचे. पण नऊ महिने गोळ्या लपवत, दर महिन्याला रक्त देत आणि बाळंतपणानंतर वरचे दूध पाजत हे सारे गुपित राखणे मला कठीण दिसते, आणि लपवलेली गोळी चुकते. तुमच्या मालकांना सगळे ठाऊक आहे असे तुम्ही लिहिले आहे. डॉक्टरांच्या पुढच्या भेटीला दोघे मिळून जा, आणि तुमची तयारी असेल तर सासूबाईंनाही सोबत घ्या. ‘सूनबाईला मेंदूच्या रसायनांचा जुना आजार आहे, थायरॉइडसारखी रोज गोळी लागते, आणि बाळंतपणात रात्रीची झोप सांभाळण्याचे काम तुमच्याशिवाय कोणाला जमणार नाही’ हे डॉक्टरांनी त्यांच्याशी थेट बोलावे, अशी विनंती करा. मी अशा वेळी सासूबाईंच्या हातात रात्रीच्या दुधाची वेळ लिहिलेला कागद देते, आणि बहुतेक जणी तो नीट घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवतात.